एका बटव्याने ऐकलेले 'राहू द्या'

मी एक जुना बटवा आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा. पण मित्रांनो, शाळकरी मुलीच्या गळ्यात चार वर्षं लटकून पाहा, म्हणजे कळेल. मंडईजवळ शिवणकामाचं दुकान असलेल्या रहीम टेलरांनी शेरवानीच्या उरलेल्या हिरव्या तुकड्यातून मला शिवलं आणि आपल्या नातीला, अफशीनला दिलं.

माझं काम एकच. अफशीन तिच्या मैत्रिणीबरोबर, अवनीबरोबर, कुठे निघाली की तिची अम्मी माझ्यात दोनशेच्या दोन नोटा घालायची. मुलींना न्यायच्या अवनीच्या आई, हेमाताई. सिनेमा असो की बोलिंग, तिकिटाच्या खिडकीशी अफशीन इमानदारीत माझं बटण उघडायची आणि हेमाताई ते स्वतःच्या हातानं लावायच्या. "राहू दे गं, ठेव आत!" परत आल्यावर दारात अम्मीलाही तेच. "अहो, राहू द्या हो! मला जशी अवनी, तशीच अफशीन." मग माझ्याकडे बघून, "बटवा मात्र किती सुबक शिवलाय!" मी फुगून जायचो. इतकी दिलदार बाई सदाशिव पेठेत राहते, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मागच्या महिन्यात अफशीन मला हेमाताईंच्या दिवाणावर विसरली. चार दिवस मी लोडामागे धूळ खात पडलो. तेही सोसलं असतं. पण गुरुवारी हेमाताई माझ्या शेजारीच बसून आपल्या बहिणीशी, शैलाताईंशी, फोनवर बोलू लागल्या.

"हद्द झाली गं! सिनेमा मी, बोलिंग मी, पिझ्झा मी. त्या बाई एका शब्दानं विचारत नाहीत. लोकांना काही वाटतच नाही! या रविवारी अवनीला एकटीलाच नेते."

मित्रांनो, मी सर्दच झालो! माझ्या पोटात चारशे रुपये होते. विचारत नाहीत? मग दर वेळी माझं बटण उघडलं कोणी आणि लावलं कोणी? मला ओरडावंसं वाटलं. पण बटव्याला तोंड असून बोलता येत नाही. अफशीनची मैत्री तुटायची वेळ आली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

रविवारी सकाळी अवनीनं विचारलं, "अफशीन का नाही?"

"सारखं आपणच का भरायचं?" हेमाताई म्हणाल्या.

अवनी टोपी शोधत होती. लोड उचलला, तर मी! तिनं मला उघडून आईसमोर धरलं.

"आई, ती तर दर वेळी देते. तूच नको म्हणतेस."

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"मग तिनं काय करायचं असतं?"

हेमाताईंनी मला पर्समध्ये टाकलं आणि अफशीनच्या घरी जायला स्कूटर काढली. अवनी मागे बसली.

दार उघडून अम्मी म्हणाली, "बरं झालं आलात, अवनीच्या आई. मीच सांगणार होते, अफशीनला आता नेऊ नका. तुम्ही पैसे घेत नाही. दर वेळी फुकट कसं पाठवायचं? आम्हालाही वाटतं ना काही."

मला दुसरा धक्का! इकडे ही चिडलेली, तिकडे ती ओशाळलेली, आणि कोणीच कोणाला काही बोललेलं नाही. आत अफशीन भिंतीला टेकून उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

हेमाताईंनी मला अम्मीच्या हातात दिलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळचे तिचे साडेतीनशे झाले होते." आणि त्यांनी चक्क हात पुढे केला. कान मात्र लाल झाले होते.

अम्मी हसली. "एवढंच ना? आधी सांगायचं!" तिनं नोटा दिल्या आणि वरचे पन्नास मागूनही घेतले. तोवर अफशीन चपला घालून जिना उतरली होती.

मित्रांनो, मी कापडाचा तुकडा, मोठ्यांना काय शिकवणार? म्हणून तुम्हालाच विनवतो. आज घरी सांगा, की दुसऱ्याच्या मुलांना नेण्याआधी खर्च कोणाचा ते सरळ बोलून घ्या. पैसे हवे असतील तर घ्या. आणि एकदा 'राहू द्या' म्हणालात, तर मग फोनवरसुद्धा राहू द्या.