गच्चीवरचे काटेबुवा

मी एक जुना वायुभारमापक आहे, पण या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. ज्या घरात मी राहतो तिथे मला काटेबुवा म्हणतात. माझा चेहरा गोल आहे, कडा पितळेची आहे आणि काचेमागे एक बारीक काळा काटा आहे. काट्याभोवती 'कोरडे', 'बदल', 'पाऊस', 'वादळ' असे शब्द लिहिलेले आहेत. मित्रांनो, लोकांना वाटते की मला पाऊस ओळखता येतो. तसे काही नाही. मला फक्त हवेचे वजन कळते. हवा जड झाली की काटा उजवीकडे जातो, हलकी झाली की डावीकडे. बाकीचे सगळे अर्थ माणसांनी लावलेले आहेत.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलावर पातळ पत्र्याच्या चपट्या डब्या मांडलेल्या असत. त्यातल्या एका डबीतली हवा काढून घेतली, तिचे तोंड डाख देऊन बंद केले, आणि तेच माझे काळीज झाले. बाहेरच्या हवेने दाबले की ही डबी चेपते, दाब उतरला की फुगते. तिला स्प्रिंग, स्प्रिंगला तरफ, तरफेला केसासारखी साखळी आणि साखळीला काटा. ज्या बाईने चिमट्याने ती साखळी अडकवली तिने तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता. साखळी बसली तशी ती "हुश्श" म्हणाली. मी ऐकलेला पहिला शब्द तोच.

पुढे बरेच दिवस मी एका दुकानाच्या काचेत पडून होतो. लोक मला घड्याळ समजून वेळ बघत आणि हसून पुढे जात. मग एक शिलाई मशीन दुरुस्त करणारे मिस्त्री तिथे आले. त्यांनी दुकानदाराच्या बायकोचे बंद पडलेले मशीन सुरू करून दिले आणि मेहनतीच्या बदल्यात मला मागून घेतले. दुकानदार म्हणाला, "अहो, याचा तुम्हाला काय उपयोग?"

"उपयोग कशाला हवा? मला आवडलाय तो," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींची खोली इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. आत मशिनांची गर्दी, तेलाचा वास, डब्यांतून शटल आणि बॉबिनी. खोलीचे एक दार थेट गच्चीवर उघडत असे. त्या दाराशेजारी त्यांनी मला टांगले. तिथून मला आतले काम दिसे आणि बाहेरचे आभाळही. मशीन आले की मिस्त्री आधी हत्यार हातात घेत नसत. चाक फिरवून नुसते ऐकत. खडखड, कुरकुर, कटकट, प्रत्येक आवाजाचा रोग वेगळा. दुरुस्त झालेले मशीन चिंध्यांवर चालवून बघायचे काम त्यांच्या बायकोचे. खालच्या मजल्यांवरच्या सगळ्या त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणतो.

मिस्त्रींना दोनच गोष्टींचे वेड होते, मशीन आणि आभाळ. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढू लागले की हातातले काम तसेच ठेवून ते गच्चीवर जात. काकू म्हणत, "झालं. निघाली स्वारी. गिऱ्हाईक आलं तर काय सांगू, ढगात गेलेत म्हणून?"

हळूहळू त्यांना जोडीदार मिळाले. पहिले बेकरीवाले. बायकोचे मशीन घेऊन चार जिने चढून ते धापा टाकत आले, गच्चीच्या दारातून समोरचा ढग त्यांना दिसला आणि मशीन राहिले बाजूला. मग खालच्या मजल्यावरच्या सिस्टर, म्हणजे इस्पितळातल्या नर्स. त्यांच्याकडे चांगला कॅमेरा होता आणि विजेचा एक तरी नीट फोटो काढायचाच असा ध्यास होता. शेवटी भूगोलाच्या बाई. नोकरी संपली होती, पण शिकवण्याची सवय काही सुटली नव्हती. ढगांची पुस्तकी नावे त्या सांगत आणि बेकरीवाले ढगांना दुसरीच नावे देत. वर फुगत जाणारा ढग तो 'फुललेला पाव'. डोक्यावर सपाट पसरलेला तो 'ऐरण'. ऐरण हे नाव मात्र बाईंनाही पसंत पडले.

शेजारी या चौघांना ढगवेडे म्हणत. त्यांना त्याचे काहीच वाटत नसे. मिस्त्री येता-जाता माझ्या काचेवर नखाने हलकी टिचकी मारत, काटा जरा सरकला की ओरडत, "काटेबुवा घसरले!" आणि चौघे खुर्च्या घेऊन बाहेर. ते माझे भरभराटीचे दिवस होते. गाद्या वाळत घालायच्या आधी खालच्या बायका मला बघून जात. कधी मी दाखवले तसे व्हायचे, कधी व्हायचे नाही. झाले तर कौतुक माझे, आणि नाही झाले तर "हवामानच लहरी."

गच्चीवर एकच नियम होता. भर उजेडात ढगाच्या पोटातली वीज पुष्कळदा दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबायचे नाही. लांबून का होईना, गडगडाट ऐकू आला की खुर्च्या उचलायच्या आणि आत. तो हुकूम द्यायचा मिस्त्रींनी. ज्याचे कान मशिनातली कुरकुर ओळखतात त्याला ढगाची कुरकुर आधी कळणार, असे सगळे धरून चालत. "चला, आत!" असे ते म्हणत आणि कोणी वाद घालत नसे.

बरीच वर्षे अशी गेली. मग मला एक बदल दिसू लागला. मिस्त्री चाक फिरवून ऐकण्याऐवजी मशिनावर तळहात ठेवू लागले. खडखड हाताला लागते, म्हणून काम अडत नसे. गिऱ्हाइकाने काही विचारले तर उत्तर काकू देत. मिस्त्री नुसते "हो, हो" म्हणत, मग ते हो म्हणण्यासारखे असो वा नसो.

एकदा काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. कान दाखवून या."

"येतं ऐकू. लोक हल्ली पुटपुटतात."

"मी पुटपुटत नाही. मघाशी तीन हाका मारल्या."

मिस्त्रींनी गच्चीच्या दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "गच्चीवर बोलू नकोस हं हे. चारचौघांत माझी एवढीच तर पत आहे."

काकूंनी गच्चीवर कोणाला सांगितले नाही. मलाही तोंड नाही.

तो दिवस फार उकाड्याचा होता. दुपारपासून माझा काटा डावीकडे उतरत होता. ढग चढला, पसरला, त्याची ऐरण झाली. मग तिच्या खालच्या बाजूने गोल गोल पिशव्या लोंबू लागल्या आणि उन्हाने त्या तांबूस झाल्या. बाई म्हणाल्या, "असं आभाळ मी पुस्तकात शिकवलं, पाहिलं नव्हतं कधी." सिस्टरनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला. बेकरीवाले कपडे वाळत घालायच्या लोखंडी खांबाजवळ मान वर करून उभे राहिले.

तेवढ्यात गडगडाट झाला. लांब, पण स्पष्ट. माझी काच जराशी थरथरली.

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिले. सिस्टरनी पाहिले. बेकरीवाल्यांनीही पाहिले. मिस्त्री खुर्चीत आरामात बसून हसत आभाळाकडे बघत होते. मिस्त्री बसलेत म्हणजे अजून वेळ आहे, असे तिघांनी धरले. पुन्हा गडगडले. पुन्हा तिघांनी पाहिले, पुन्हा कोणी काही बोलले नाही. मग एकाएकी थंड, जड वारा आला आणि माझा काटा झटक्यात उजवीकडे उडाला. काकू आतून "अहो, आत या!" म्हणत दाराकडे धावल्या.

वीज त्या लोखंडी खांबावर पडली. मला फक्त पांढरे दिसले. मग पाहिले तर बेकरीवाले खांबापासून दूर, उताणे पडलेले होते. हालचाल नव्हती.

सगळ्यांनी मिळून त्यांना ओढत दारातून आत आणले, अगदी माझ्या खाली. सिस्टरनी मनगट धरले, छातीला कान लावला आणि दोन्ही हातांनी छाती दाबू लागल्या. "बाई, मोठ्यानं मोजत राहा. काकू, गाडी बोलवा." बाई मोजत होत्या, त्यांचा आवाज कापत होता, पण आकडा चुकत नव्हता. काकू फोनवर पत्ता सांगत होत्या. मिस्त्री बेकरीवाल्यांचे पाय धरून बसले होते.

बऱ्याच वेळाने बेकरीवाल्यांच्या घशातून एक घरघर निघाली.

"आला श्वास," सिस्टर म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

"आला का?" मिस्त्रींनी विचारले.

"आला, आला," बाई म्हणाल्या.

"सांगा ना कोणीतरी! श्वास आला का?"

"अहो, आला म्हणतायत," काकू म्हणाल्या.

"बोलत का नाही कोणी?" मिस्त्री ओरडले. ते रडत होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सिस्टरनी मान वर केली. आधी त्यांच्याकडे पाहिले, मग काकूंकडे. काकूंनी नजर खाली वळवली. सिस्टरना जे समजायचे ते समजले. त्यांनी मिस्त्रींचा हात धरून बेकरीवाल्यांच्या छातीवर ठेवला. छाती वर-खाली होत होती.

त्या दिवसानंतर गच्चीचे दार बंद झाले. बेकरीवाले इस्पितळात वाचले, पण त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला होता आणि बोटांना मुंग्या येणे काही थांबेना. मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढले, जुन्या परकरात गुंडाळले आणि एका मोडक्या मशिनाच्या खणात ठेवून दिले. मला राग आला नाही. खणातही हवा असते. तिचे वजन मी अंधारात मोजत राहिलो, ते बघायला मात्र कोणी नव्हते. धूळ साखळीत शिरली, काटा अडखळू लागला. वापरात नसलेल्या वस्तूचे असेच होते, मित्रांनो.

एके दिवशी जिन्यात ओळखीची धाप ऐकू आली. काकू म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही? या, या."

बेकरीवाले आत आले. त्यांच्या मागे सिस्टर आणि बाई. मिस्त्रींचे स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. परकरातून मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

"माझ्यामुळं झालं," मिस्त्री म्हणाले. "मला गडगडाट ऐकू आला नाही. कित्येक दिवस नीट ऐकू येत नव्हतं आणि मी लपवलं."

"मला ऐकू आला होता," बाई म्हणाल्या.

"मलाही," सिस्टर म्हणाल्या. "मला फोटो हवा होता. तुम्ही बसलेले दिसलात, तेवढं निमित्त मला पुरलं."

"आणि मी खांबाला खेटून उभा!" बेकरीवाले मोठ्याने म्हणाले. "दोन्ही कान शाबूत होते तेव्हा. मिस्त्री, दोष वाटायचा तर सगळ्यांत वाटू, पाव वाटतात तसा. पण मला विजेनं बहिरं केलं. तुमच्या कानांचं काय? उद्या मी कानाचं मशीन बसवायला चाललोय. तुम्ही माझ्याबरोबर येताय."

"नको रे."

"काय नको? जन्मभर दुसऱ्यांची मशिनं नीट केलीत, आता एक स्वतःला लावून घ्या. आणि मी काय म्हणालो ते ऐकू आलं ना? नसेल तर पुन्हा ओरडतो, सगळी इमारत जमा करतो."

आधी काकू हसल्या. मग मिस्त्रींचे हसू ऐकू आले, ते मध्येच रडण्याकडे वळले. कोणी त्यांना थांबवले नाही.

मला खणातून काढले त्या दिवशी मिस्त्रींच्या कानात बारीकसे मशीन होते आणि त्यांची तक्रार होती की खुर्च्या फार किंचाळतात. त्यांनी माझे मागचे झाकण उघडले, मऊ कुंचल्याने साखळीतली धूळ काढली, काच पुसली आणि जुन्याच खिळ्याला टांगले. आता माझी स्प्रिंग ढिली झाली आहे. मी जरा चुकीचे दाखवतो आणि तेही उशिरा. त्यांना ते ठाऊक आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ढग चढले. खुर्च्या बाहेर पडल्या, पण खांबापासून लांब, दाराला लागून. काकू पहिल्यांदाच त्यांच्यात येऊन बसल्या. नियम बदलला होता. ज्याला आधी ऐकू येईल त्याने ओरडायचे आणि बाकीच्यांनी उठायचे, विचारायचे नाही. ऐरण पसरली, तिच्या कडेला सोनेरी रेघ आली. सिस्टरनी कॅमेऱ्याला डोळा लावला. आणि लांब कुठेतरी ढग घुमला.

"आत!" पाच तोंडांतून एकदम निघाले. त्यात मिस्त्रींचाही आवाज होता. पहिला कोणाचा, ते मला सांगता येणार नाही.

दार लावून घेतले आणि बाहेर आभाळाने जे रूप धरले ते त्या उन्हाळ्यात पुन्हा दिसले नाही. खिडकीतून त्याचा एक तुकडाच दिसत होता, बाकीचे शेजारच्या इमारतीने खाल्ले होते. सिस्टर कॅमेरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अर्धंच दिसतंय," बाई कुरकुरल्या.

"अर्धं तर अर्धं," बेकरीवाले म्हणाले. "घरी जाऊन सांगायला पुरे आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही असेल तर ते खणात टाकून विसरू नका. त्याची धूळ झटका, काच पुसा, टिचकी मारायचीच तर हळू मारा. कोणाला ऐकू येत नसेल, दिसत नसेल, तर त्याला हसू नका. हसतात म्हणूनच माणसे लपवतात. आणि गडगडाट तुमच्या कानांवर आला, तर जाणते कोणी गप्प बसले आहे म्हणून तुम्ही गप्प राहू नका. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.