नळदुर्ग पाहून आलेली खुर्ची

मित्रांनो, शाळेच्या व्हरांड्यात कोपऱ्याला पडलेली ही मोडकी खुर्ची काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बैठकीचा सुंभ लोंबतो आहे, एक पाय किडला आहे. पण मी किल्ले पाहिले आहेत. आम्हा खुर्च्यांच्या जातीत असं भाग्य फार थोड्या जणींच्या वाट्याला येतं.

कुंभारीच्या शिवारातल्या एका बाभळीपासून सोलापूरच्या धोंडीराम सुतारानं मला घडवलं. मला करायला सांगितलं होतं धोंडप्पांनी, आपल्या लेकीसाठी. रुद्राणी तिचं नाव. लहानपणी आलेल्या तापात तिच्या दोन्ही पायांतली शक्ती गेली होती. तरी तिला शाळेत घालायचंच, रोज उचलून न्यावं लागलं तरी चालेल, असं धोंडप्पांनी ठरवलं होतं. त्यांना सागवानी खुर्ची हवी होती.

धोंडीराम म्हणाला, "सागवान दिसायला देखणं, मालक. पर पोरीला रोज उचलून न्यायचं म्हंता, तर बाभळच घ्या. ही मोडायची न्हाय."

त्यानं माझ्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या बसवल्या. कड्यांतून दोन वेळू ओवले की माझी पालखी होई. त्या पालखीतून रुद्राणी शाळेत गेली, शिकली, आणि पुढे त्याच शाळेत रुद्राणीबाई म्हणून इतिहास शिकवू लागली. माझी जागा फळ्याशेजारी असे. बाई हात उंचावून बुरूज दाखवू लागल्या की वर्गातल्या मुली माना वर करून छताकडे बघत. इतकं ते शिकवणं जिवंत होतं!

सोलापूरचा भुईकोट किल्ला आम्ही दोघींनी कितीदा तरी पाहिला होता. पण नळदुर्गाचा धडा आला की बाईंचा आवाज बदलायचा. नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणी महाल, आभाळाला टेकलेला उपळी बुरूज. असंच एकदा सांगत असताना एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी गेलता व्हय तितं?"

"अजून न्हाय," बाई म्हणाल्या. "पण जाणार हाय."

त्याच संध्याकाळी त्यांनी धाकट्या भावाकडे, शिवयोगीकडे, विषय काढला. शिवयोगी गिरणीत कामाला होता. त्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेल्या, म्हणून तो बहिणीला अक्का म्हणे.

"शिवा, दिवाळीच्या सुट्टीत मला नळदुर्गाला न्यायचं."

"अक्का, तितं लई चढ हाय."

"मग हळू चढू की."

शिवयोगीची बायको अक्कम्मा चुलीपाशी होती. "जाऊ तितं लोक टकामका बघत बसतील," ती पुटपुटली. मनानं ती वाईट नव्हती. नणंदेची वेणी रोज तीच घाली. पण नणंदेकडे वळणाऱ्या लोकांच्या नजरा तिला काट्यासारख्या रुतत.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून तीन वर्षं झाली होती. त्या साली पाऊस असा झाला की नळदुर्गाची बोरी नदी दिवाळीतही भरून वाहत होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. शिवयोगी, अक्कम्मा, त्यांची मुलगी सुमंगला, वेळूचं दुसरं टोक धरायला अक्कम्माचा भाऊ सिद्धलिंगप्पा, आणि रुद्राणीबाई. मला एस.टी.च्या टपावर बांधलं होतं. मुळेगाव गेलं, बोरामणी गेलं. दोन्ही बाजूंना कोवळ्या ज्वारीची शेतं डुलत होती. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी बसवून नेत होतं!

नळदुर्गाची तटबंदी दिसली आणि मी बाभळीची असूनही शहारले. काळ्या दगडांची ती भिंत बघता बघता नजर थकते. महादरवाज्यातून आत शिरताना बाई म्हणाल्या, "सावकाश न्या रे. वाट कशी वळवलीय बघा. शत्रूला सरळ धावता येऊ नये म्हणून."

पाणी महालात उतरायचा जिना अरुंद होता. मला तिरकी करून, भिंतीला घासत खाली नेलं. आत गेलो तर खिडकीसमोर पाण्याचा पडदा! दगडाच्या पोटात खोली, खोलीवरून नदी वाहते आहे, आणि आत पायाखाली मात्र कोरडं. बाईंनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून त्या पाण्यात धरले. कोपरापर्यंत भिजल्या, तरी हात मागे घेईनात.

"सुमे," त्या म्हणाल्या, "करणाऱ्यानं काय डोकं चालवलं असंल गं! नदीला थोपवलं बी, आणि नाचवलं बी."

मग आम्ही उपळी बुरुजाशी आलो. त्याच्या पायऱ्या खूप उंच आणि चढ उभा. थोड्या पायऱ्या चढलो, तोच मी मागे कलले. बाईंनी माझे हात घट्ट आवळले. पुढे शिवयोगीचा पाय निसटला, त्याचा गुडघा दगडावर आपटला आणि एक वेळू कडकन पिचला. सिद्धलिंगप्पानं मागून मला छातीवर झेललं म्हणून वाचलो. सुमंगला रडायला लागली. खाली फिरायला आलेली माणसं थांबून बघू लागली.

शिवयोगी गुडघा चोळत उठला. "बस झालं, अक्का. माघारी जाऊ. न्हाईतर पाठीवर घेतो तुला."

"पाठीवर न्हाय. पडलो तर दोघं पडू." बाईंनी बुरुजाच्या पायऱ्या नजरेनं मोजल्या. मग म्हणाल्या, "मला खाली उतरव. हितं, पायरीवर."

त्याला काही कळेना, पण त्यानं उतरवलं. बाई चढाकडे पाठ करून बसल्या. मागच्या पायरीवर दोन्ही तळवे टेकवले, जोर दिला आणि अंग वर उचलून घेतलं. एक पायरी. मग पाय हातानं वर ओढून घेतले आणि पुन्हा तळवे टेकवले. खालून कुणीतरी हसलं.

मी अक्कम्माकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिनं पदर कमरेला खोचला, आणि मित्रांनो, ती बाईंच्या शेजारच्या पायरीवर तशीच पाठमोरी बसली! हात टेकले आणि बसल्या बसल्या वर सरकली.

"अगं, तुला काय झालं? तू चालत जा की," बाई म्हणाल्या.

"तुमी गप चढा," अक्कम्मा म्हणाली. "बघू दे कोण बघतंय ते. दोघींकडं बघू दे."

मग सुमंगलाही डोळे पुसून बसली आणि तशीच चढू लागली. खालचं हसू विरलं. शिवयोगी बहिणीच्या एका बाजूनं, सिद्धलिंगप्पा दुसऱ्या बाजूनं, हात पसरून चालत राहिले. पण हात लावायची वेळ कुणावर आली नाही.

मी पिचलेला वेळू घेऊन खालीच राहिले. वरचं मला दिसलं नाही. फक्त ऐकू आलं.  बाईंचा वर्गातला खणखणीत आवाज आला, "सुमे, तोफ बघ! ही नदी बघ, आपण आलो तो रस्ता बघ!" मघाशी थांबलेली माणसं माझ्या शेजारून एकेक करून वर गेली, त्यांच्याभोवती ऐकत उभी राहिली असणार. मी खुर्ची खाली रिकामी, आणि वर बाईंचा वर्ग भरलेला. त्या दिवशी मला माझ्या रिकामेपणाचा अभिमान वाटला.

पुढे बाई दर सुट्टीत मुलींना घेऊन किल्ले बघायला जाऊ लागल्या. परांड्याला मी होते. मग त्यांना चाकांची खुर्ची मिळाली आणि मी इथे आले. आता बाईही राहिल्या नाहीत.

मित्रांनो, माझं लाकूड अजून पक्कं आहे. किडका पाय बदला, नवा सुंभ विणा, मी पुन्हा कुणाला तरी बसवीन. किल्ल्यांनाही जपा. त्या दगडांवर नावं कोरू नका, ते घडवणारे हात पुन्हा मिळायचे नाहीत. आणि चढताना पुढे कुणी सावकाश जात असेल, तर घाई करू नका. जमलं तर शेजारी बसा. गडाची पायरी रुंद असते, दोघांना पुरते.