दक्षिणेची भिंत

अनुयाने नगरपरिषदेसाठी अग्निशमन केंद्राचा आराखडा केला, तेव्हा त्या जागेवर वारा कुठून येतो हे तिने वर्षभर मोजलं होतं. जाड चिऱ्याच्या भिंती, छपरावर सौर पॅनेल, पंखा लावावा लागू नये अशा समोरासमोरच्या खिडक्या. आणि बंबाचा दरवाजा थेट हमरस्त्यावर. घंटा झाली की एका मिनिटात गाडी बाहेर. ते मिनिट हुकलं तर बाकीची इमारत म्हणजे नुसती थंडगार खोली, असं तिचं मत होतं.

हमरस्ता दक्षिणेला होता. इतकी मोजमापं करूनही ही गंभीर बाब तिच्या नजरेतून सुटली.

"दक्षिण म्हणजे यमाची दिशा, अनुयाताई," बांधकाम छपरापर्यंत आल्यावर नगराध्यक्ष तात्या म्हणाले. "वास्तुतज्ज्ञ सांगून गेलेत, दरवाजा पूर्वेला घ्या."

"तिकडे वाडीतली वाट आहे, तात्या. तीन मीटरची. पलीकडे चिऱ्यांचा गडगा, कुंपणाचा."

"गडगा काय, सरकवू मागे."

गडगा तात्यांच्या चुलतभावाचा, देवव्रतांचा. त्यातल्या हातभर जागेवरून दोघांचा दावा अलिबागच्या कोर्टात एकवीस वर्षं सरकत होता.

महिन्याभराने अनुया आली, तर दरवाजा पूर्वेला झालेला. दक्षिणेच्या भिंतीला गिलावा करून तिच्यावर झेपावत निघालेला लालभडक बंब रंगवला होता.

"आता पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही तेवढी करा," तात्या म्हणाले.

"आधी चाचणी," अनुयाने स्टॉपवॉच काढलं.

बंबचालक हमीदने मागेपुढे करत पाऊण तासात बंब कसाबसा आत घातला. मग घंटा वाजली. चौदाव्या मिनिटाला त्याने खिडकीतून डोकं काढलं. "मॅडम, आग इथंच दारात लावायला सांगा. तेवढी नक्की विझवू!"

विसाव्या मिनिटाला गडग्याचे चार चिरे ढासळले. देवव्रत बनियनवरच बाहेर आले आणि त्यांनी प्रत्येक चिऱ्याचा वेगळा फोटो काढला. हमीदने बंब पुन्हा आत घेतला. आठवड्यात कोर्टाचा हुकूम आला: जैसे थे, गडग्याजवळ कोणतंही वाहन नेऊ नये.

गावातला एकुलता एक बंब आत अडकला. विजेची बचत मात्र अपेक्षेबाहेर झाली. घंटासुद्धा कुणी वाजवेना.

"दक्षिणेची भिंत फोडू. पण सही करणार ना?" तात्यांनी विचारलं.

"एका मिनिटात बाहेर आला तर."

तात्यांनी वास्तुतज्ज्ञांना पुन्हा बोलावलं. त्यांनी सखोल अभ्यासाअंती सांगितलं, की दक्षिणेच्या दारातून बाहेर पडायला हरकत नाही. तोंड पुढे करून आत शिरायचं नाही.

"म्हणजे बंब दरवेळी उलटा आत घ्यावा लागणार," तात्या ओशाळून म्हणाले. "चालेल ना तुमच्या सायन्सला?"

जगात कुठेही बंब उलटाच आत लावतात. हमीद हसू लपवायला टायर तपासू लागला.

"बघते जमवून," अनुया म्हणाली.

रंगवलेला बंब फुटला आणि खरा बाहेर आला. बावन्न सेकंद. तिने सही केली.