उलटी छापलेली वाट

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. माझे वडील, कारभारी त्यांचं नाव, शहागंजात शफीभाईंच्या छापखान्यात लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर चित्रं काढत. दर महिन्याला त्यांची चित्रकथा निघे. शहराखालच्या जुन्या नहरीत, पाण्याच्या भुयारात, हरवलेली एक मुलगी घराची वाट शोधते, अशी ती गोष्ट. मुलीचा चेहरा माझ्या थोरल्या बहिणीचा, सारजाचा. दोन वर्षांपूर्वी ती नहरीवर पाण्याला गेली आणि परतली नाही. घागर तेवढी सापडली. शेवटच्या अंकात वडील तिला घरी आणणार होते. आई त्याच अंकाची वाट बघत होती.

एक वाचक प्रत्येक अंकानंतर कार्ड पाठवी. नाव नसे. 'तिसऱ्या वळणावर छत खाली आहे, तिला वाकून चालू द्या.' 'तिथं वटवाघळं नाहीत. उगाच भरू नका.'

शफीभाई हसायचे. "कारभारीदादा, ह्यो तुमचा चाहनेवाला हाय का नहरीचा दारोगा?"

"दारोगा बरा. चहा पाजला की गप बसतो."

वडिलांनी नहर आतून कधी पाहिलीच नव्हती. तरी छत त्यांनी खाली घेतलं.

मग कार्ड आलं, 'वाट उलटी छापता. डावीकडं वळायचं तिथं उजवीकडं दाखवता. ती तुमच्या चित्रांवरून चालते. म्हणून दर महिन्याला आणखी लांब जाते.'

या वेळी शफीभाई हसले नाहीत. वडील चित्र दगडावर सरळच काढत. छापताना डाव्याचं उजवं होई. आजवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

शेवटच्या अंकाचा दगड त्यांनी घासून कोरा केला. समोर आरसा ठेवून सगळं उलटं काढलं, म्हणजे कागदावर वाट सुलटी यावी. शेवटच्या चित्रात मुलगी आमच्या दाराशी उभी होती, हात कडीवर. शफीभाईंनी पहिली प्रत उजेडात धरली.

"आली बघा पोरगी घरी," ते हळूच म्हणाले.

अंक गुरुवारी निघाला. शनिवारी कार्ड आलं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून वडिलांनी मोठ्यानं वाचलं.

'आता वाट बरोबर आहे. ती येऊन गेली. पण चित्रात दार तुम्ही बंद दाखवलंत.'

वडील उठले आणि दाराच्या फळ्या उतरवू लागले. आईनं दुसरी बाजू धरली.

मी तेव्हा बोलले नाही, नंतरही कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी कडी वाजली होती. घरात मी एकटीच, नऊ वर्षांची. बाहेरून कुणीतरी मला घरातल्या लाडाच्या नावानं हाक मारत होतं. मी गोधडीत तोंड खुपसलं आणि हाक थांबेपर्यंत उठले नाही.