बीज लागलेली मुलगी

औषधांच्या कारखान्यात ‘बीज’ म्हणतात ते स्फटिकाच्या एका कणाला. दुधाला विरजण लावावं तसं ते द्रावणात सोडायचं, की त्याच्याच घडणीचे स्फटिक भराभर धरतात. कण डोळ्यांना दिसतोच असं नाही; बाहीला, केसांना चिकटून आला तरी पुरतो. आणि कधीतरी त्याच पदार्थाला एक नवीच घडण सुचते. ती एकदा जन्मली, की जुनी पुन्हा हाती लागत नाही.

ती नवी घडण पहिल्यांदा दिसली ती कारखान्यात काम करणाऱ्या या मुलीलाच. नितळ औषधाच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा झुबका. संध्याकाळपर्यंत फळीवरचं सगळं औषध गोठलं. दुसऱ्या कारखान्यात ही सल्ला विचारायला गेली, तर चार दिवसांत तिथलंही गोठलं. तिथल्या मोठ्या बाईंनी हात जोडले, “बये, यापुढे फोनवरच बोल!”

गोठलेलं औषध पोटात विरघळत नव्हतं. आणि हिच्या वडिलांचं, नानांचं, हृदय त्याच औषधावर चालत होतं. जुन्या, नितळ औषधाच्या सहा बाटल्या तेवढ्या घरी उरल्या होत्या.

दोन महिने ती माहेरी फिरकली नाही. कपडे जाळले, केस कापले. आज न राहवून आली, पण फाटकापाशीच थांबली. नाना बंद खिडकीत उभे होते. मागच्या फळीवर बाटल्या.

“हे काय गं? पिसं काढलेली कोंबडी दिसतेस!” काचेआडून ते ओरडले.

“खिडकी उघडू नका, नाना!”

खिडकी नाही उघडली, दारच उघडलं. बाहेर येऊन त्यांनी कडी लावली आणि पायांत चपलाही न घालता तिच्याकडे आले. ती मागे सरते तोवर त्यांनी तिला कवेत घेतलं.

“नाना, काय केलंत! आता तुम्हालाही आत जाता यायचं नाही.”

“आहेस ना तू इथे. मग आत कशाला जाऊ?”

त्यांच्या खांद्यावरून तिला खिडकी दिसत होती. घरात कुणी नव्हतं. एका बाटलीत बारीकशी सुई उभी राहिली. मग दुसरी. बघता बघता बाटली काठोकाठ पांढरी झाली. शेजारची गढुळली. नाना वळू नयेत म्हणून तिने त्यांना घट्ट धरलं.

“कितवी?” त्यांनी न वळताच विचारलं.

तिने त्यांच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

“पहिली पहाटेच गोठली, पोरी; ती मी उचलून ठेवली. तू तेव्हा गाडीतसुद्धा बसली नव्हतीस. देवाच्या मनात आलं की दगडाला पाझर फुटतो म्हणतात. इथे पाण्याचाच दगड करतोय.” त्यांनी तिच्या कापलेल्या केसांवरून हात फिरवला. “तुझ्या अंगावरून नाही आलं ते. एवढंच सांगायला बाहेर आलो.”

खिडकीत आता एकच बाटली नितळ होती.