सर्वांच्या संमतीचे कलम

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण सभा-संघटनांशी कधी संबंध आला नव्हता. तरीही पूर्णगडचे होडीवाले, नाटे गावचे मच्छीमार आणि बंदरातले ट्रॉलरवाले यांच्या महासंघाचे नियम लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तिघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. म्हणून मी अमेरिकेच्या पहिल्या राज्यसंघाचा नमुना घेतला. प्रत्येकाला एक मत, कुणाचा कुणावर हुकूम नाही, कलम बदलायचे तर सगळ्यांची संमती. तेवढ्यावर तेरा राज्यांनी इंग्रजांशी युद्ध निभावले होते. आमचेही तिघे एकत्र आले. ठरले की पावसाळ्यातली सरकारी मासेमारीबंदी उठली तरी नारळी पौर्णिमेआधी कुणी समुद्रात जायचे नाही. खवळलेल्या पाण्यात होड्या जात नाहीत, आणि ट्रॉलर आधी गेले तर होडीवाल्यांना कोळंबी उरत नाही.

ट्रॉलरवाल्यांचा प्रतिनिधी हर्षद पावसाळ्यात अनेकदा घरी आला.

"सर, एखाद्या राज्यानं ऐकलंच नाही तर?"

"कोण काय करणार? मध्यवर्ती सरकारकडे ना कर वसूल करायचा अधिकार, ना शिक्षेचा."

इतक्या आवडीने विचारणारा विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी पुस्तके काढून दाखवली.

बंदी उठली त्याच पहाटे त्याचे ट्रॉलर समुद्रात गेले. पौर्णिमा लांब होती.

बैठकीत पूर्णगडचे रशीदभाई म्हणाले, "शब्द मोडला त्याला दंड करा." नाटे गावच्या कमळाताईंनी हात वर केला. हर्षदने केला नाही.

"दंडाचं कलमच नाही. नवीन घालायचं तर माझी संमती हवी. बरोबर ना, सर?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी होकारार्थी मान हलवली.

"बघा, सर आमच्या बाजूचे!" ट्रॉलरवाले हसले.

बाहेर रशीदभाई चपला शोधत होते. "मास्तर, अमेरिकेत पुढं काय झालं?"

"टिकलं नाही ते. थोड्याच वर्षांत नवी राज्यघटना लिहावी लागली."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कडक नियम असते तर हर्षद आलाच नसता. मला वाटलं, आधी एकत्र तर..."

"त्याला घरात बसवून पळवाट दाखवलीत. आम्हाला नाही दाखवलीत."

तुम्ही कधी विचारलं नाही, असे ओठांवर आले.

"उद्या होड्या समुद्रात लोटतो," ते म्हणाले.

"रशीदभाई, पाणी बघताय ना? थांबा थोडं."

"थांबून काय करू? तुमची पुस्तकं वाचू?"