लांब हात

पालकांना शाळा दाखवायचा दिवस दोन दिवसांवर आला होता आणि दुसरीच्या वर्गाची भिंत अजून रिकामी होती. चित्रकलेच्या बाईंपुढे टेबलावर चाळीस कागद पडले होते. विषय दिला होता, 'माझ्या घरातलं माणूस'. कुणाच्या बाबांना मान नव्हती, कुणाच्या आईचे डोळे कपाळावर चढले होते, एका ताईला तर सात बोटं होती, तीही एकाच हाताला. मुख्याध्यापक जाता जाता दारातून डोकावले आणि म्हणाले, "बाई, भिंत गेल्या वर्षीसारखी झाली पाहिजे. लोक बघतच राहिले होते."

गेल्या वर्षीची भिंत कशी झाली होती, हे बाईंनाच ठाऊक होतं. दर वर्षी त्या कागद घरी नेत आणि प्रत्येकावर थोडा हात फिरवत. कुठे मान बसवायची, कुठे डोळे खाली आणायचे. यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. उलट पोरांचंच नाव होतंय, असं त्या मनाशी म्हणत.

या वेळी एका कागदाला मात्र थोडक्यावर भागेना. तो खारूताईचा होता. सतत पेन्सिलीचं मागचं टोक कुरतडते म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. तिने खाटेवर एक म्हातारा काढला होता. त्याचा एक हात बरा होता. दुसरा खिडकीतून बाहेर पडून, दोन झाडं आणि एक दुकान ओलांडून, थेट कागदाच्या कोपऱ्यापर्यंत गेला होता. तिथे पाच बोटं पसरलेली. बाईंना हसू आलं. त्यांनी खोडरबर घेऊन तो हात पुसला. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, दोन्ही हात मापात मांडीवर ठेवले, वर चष्माही दिला. खाली मुलीने वाकड्या अक्षरात लिहिलेलं नाव होतं, तेवढं तसंच राहू दिलं.

भिंत नजर लागावी अशी झाली. मुख्याध्यापकांनी खुर्चीतल्या म्हाताऱ्यापुढे चार पालकांना मुद्दाम थांबवलं. खारूताईची आई कामावरून धावतपळत आली होती. मुलीने तिचं बोट धरून भिंतीपुढून दोन चकरा मारल्या आणि सांगितलं, माझं लावलंच नाही.

"अगं, हे काय. तुझं नाव आहे की खाली."

मुलीने नीट पाहिलं. "नाव माझं आहे. चित्र माझं नाही."

आई ओशाळली. बाई जवळच होत्या, त्यांना ती म्हणाली, "चित्र छानच आहे हो बाई. पण ही घरी सांगत होती, आजोबांचा लांब हात काढलाय म्हणून. सासरे दोन वर्षं अंथरुणातच आहेत. ही सकाळी निघाली की खिडकीतून हात बाहेर काढतात आणि ही दुकानाशी वळेपर्यंत तसाच धरून ठेवतात. हिला वाटतं, तो हात तिथपर्यंत येतो. चित्र घेऊन ये, बघतो म्हणालेत. असू दे, हेही आवडेल त्यांना."

बाई नुसत्या "हो, हो" म्हणाल्या. खारूताईची आई एखादा कडक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं.

चित्र मुलीने घरी नेलंच नाही. पुढच्या तासाला बाईंनी झाड काढायला सांगितलं, तर तिचा कागद कोरा. का गं, विचारलं तर म्हणाली, "नंतर तुम्ही काढणारच ना." आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. मागच्या बाकावरच्या पोराने तर झाडाचा नुसता बुंधा काढून कागद पुढे सरकवला. फांद्या बाई बसवतील!

शाळा सुटल्यावर बाई ते चित्र घेऊन वर्गात बसून राहिल्या. शिपाई मावशी झाडायला आल्या. बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं. सांगताना कागद तिरपा धरला गेला आणि खिडकीच्या उजेडात पुसलेला हात दिसला. पेन्सिल दाबून काढल्यामुळे कागदावर खोल रेघ उमटली होती, ती कोपऱ्यापर्यंत गेलेली. बाईंनी घाईघाईने पेन्सिल उचलली.

"परत तुम्हीच?" मावशी म्हणाल्या.

पेन्सिल हवेतच राहिली.

मावशी केरसुणी टेकवून खाली बसल्या. "मी म्हातारपणी अक्षरं शिकायला गेले, तेव्हा तपासायला एक साहेब येणार होते. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी माझी पाटी पुसली आणि माझं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. साहेबांनी पाटी वर धरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं अक्षर बेडकासारखं होतं हो, पण माझं होतं. त्या टाळ्यांनंतर तीन वर्षं मी पाटीला शिवले नाही. त्या बाईही माझ्या भल्याचंच बघत होत्या."

"आता मी काय करू, मावशी?"

"केलंय ते सांगा. पोरांना सांगा, मला काय सांगताय?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते चित्र वर्गापुढे धरलं आणि सांगितलं की हे माझं आहे, खारूताईचं मी पुसून टाकलं; तुमच्या सगळ्यांच्या कागदांवर मी न विचारता हात चालवला, ते चुकलं. एकीने काळजीने विचारलं, "बाई, तुम्हाला सर ओरडले का?" बाई नाही म्हणाल्या. कुणी ओरडलं असतं तर सोपं गेलं असतं, हे त्या पोरीला कसं सांगणार?

खारूताईने त्या दिवशी काही काढलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई बाकांमधून फिरताना तिची पेन्सिल चालताना दिसली. बाई जवळ येताच तिने डावा हात आडवा टाकून कागद झाकला. बाईंचे पाय क्षणभर अडखळले. मग त्या न थांबता पुढे गेल्या.

माझ्या वाचकहो, आपण सगळेच कधी ना कधी पोरांच्या कागदावर असा हात चालवतो, शाळेत आणि घरीही. आपल्याला वाटतं, आपण त्यांना मदत करतोय. खरं तर चार माणसांत आपली भिंत चांगली दिसावी म्हणून आपण त्यांचं बघणं पुसतो. मुलाने वेगळं काही काढलं तर आधी विचारावं, हे काय आहे? आणि सांगेल ते ऐकावं. आपलं खोडरबर तोवर खिशातच राहू द्यावं.

तास संपला तेव्हा खारूताई टेबलापाशी आली. कागदाची घडी तिने मुठीत घट्ट धरली होती.

"हे घरी नेऊ? आजोबांना?"

"ने," बाई म्हणाल्या.

या वेळी तो हात कुठपर्यंत गेला होता, हे बाईंना कधीच कळलं नाही.